गाळ्यासमोर कोहळा फोडू नये

नाही नाही, कोहळा नाही — तेवढं सोडून बाकी काय वाटेल ते विचारा. लिंबू-मिरची टांगा, झेंडूचं तोरण लावा, होम करा, अगदी गाय आणा, मी काही बोलणार नाही. पण कोहळा रस्त्यावर फोडायचा नाही. करारातच आहे ते, कलम सतरा, हे बघा — भाडेकरूने संकुलाच्या दारात, पायऱ्यांवर किंवा समोरच्या रस्त्यावर कोहळा, नारळ अथवा अन्य फळ फोडू नये. इंग्रजीत लिहिलंय, मी आपली मराठीत सांगते. नारळ वकिलानं घातला. नुसता कोहळा लिहिला तर वाचणारा हसेल म्हणाला. हसू दे की. बसा ना, उभ्या का? ही खुर्ची घ्या, त्या दुसरीचा पाय हलतो. पंखा भाडेकरूनं लावायचा असतो, पण शटर वर असलं की वारा चांगला येतो — दुपारनंतर वाऱ्याबरोबर कचरा डेपोचा वासही येतो थोडा, खोटं कशाला सांगू. पेरुंगुडीत राहता म्हणजे तुम्हाला ठाऊकच असेल. तुम्ही म्हणू का तू? आमच्या दर्शनच्या वयाची असशील. शर्मिष्ठा, हो ना? मी सरोजिनी. बार्शीची. अठ्ठावीस वर्षं झाली इथं येऊन, तेव्हा मद्रास म्हणायचे. मिस्टर पेरांबूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात होते, आता वेळाचेरीच्या घरात बसून मराठी मालिका बघतात आणि बायको भाड्यानं गाळे देते. चार भाषा येतात म्हणून ठेवलंय मला. पट्टा? काही नाही गं, मानेचा आहे. कॉम्प्युटर. सगळ्यांनाच होतं हल्ली.

तर काय सांगत होते — चौदा गाळे. खाली आठ, वर सहा. तेरा गेले. खालच्या कोपऱ्यात किराण्याचं मोठं दुकान आहे, त्याच्या शेजारी औषधवाला, मग तो इडली-डोसेवाला अशोक — सकाळी सात वाजता आयटीवाल्या पोरांची रांग लागते त्याच्याकडे, गळ्यात पट्टे घालून उभी असतात बिचारी, माझ्यासारखीच. वर ब्यूटी पार्लर, दोन ट्यूशनवाले, एक कराटेवाला. कराटेवाला आणि ट्यूशनवाला यांच्यामध्ये एकच भिंत, तेव्हा गणित आणि किंकाळ्या दोन्ही एकदम ऐकू येतात. मंदीत दोघं सोडून गेले होते, अमेरिकेत बँका बुडाल्या आणि पेरुंगुडीत लोकांनी केस कापायचे बंद केले, पण तेही गाळे पुन्हा भरले. राहिला हा एकच, अकरा नंबर. वर असला तरी जिना समोरच येतो, रस्त्यावरून पाटी दिसते, गिऱ्हाईक चुकायचं नाही. आणि तुझी कल्पना मला आवडली, खरंच. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला — इथं आयटीत निम्मी पोरं पुण्या-नाशिकची, आईनं पाठवलेला डबा संपला की कावरीबावरी होतात. तुझं दुकान चालेल. मी स्वतः पहिली गिऱ्हाईक. फक्त ते कलम तेवढं मान्य कर.

सासूबाई ऐकायच्या नाहीत? हं. त्यांचं बरोबर आहे. तिकडे आपण कोहळा दारावर टांगतो, इथं रस्त्यावर आपटतात. पण दृष्ट ती दृष्टच. आणि तू काही पहिली नाहीस. जॉर्ज टाउनचा एक बांगड्यांचा व्यापारी आला होता, तीन पिढ्यांची पेढी, इथं शाखा काढणार होता. सगळं पसंत पडलं, पेन हातात घेतलं, आणि कलम सतरा वाचून टोपण लावून ठेवलं. म्हणाला, अम्मा, पूशणिक्काय फोडल्याशिवाय मी कुलूपसुद्धा उघडत नाही. पूशणिक्काय म्हणजे कोहळाच गं. असे पाच जण गेले. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात आमचे मालक बसतात, नारायणस्वामी सर, भला माणूस, आवाज कधी चढवत नाही. काल फोनवर म्हणाले, सरोजिनीअम्मा, ते एक कलम काढून टाका, नाहीतर एक तारखेपासून तुम्ही घरीच आराम करा. आज अठ्ठावीस तारीख. म्हणजे बघ, तुझी सही झाली तर माझी नोकरी राहते. हे मी तुला सांगायला नको होतं, गिऱ्हाइकाला आपली गरज दाखवू नये — पण आता बोलून गेले.

सोपं आहे, खोडून टाका, म्हणतेस? मीच घातलंय ते. मीच खोडायचं?

एक अपघात झाला होता. म्हणून. दोन हजार सातच्या आवणी महिन्यात, आपला श्रावण संपता संपता, ह्या इमारतीची पूजा होती. पहाटे गणपती होम झाला, मग रिवाजाप्रमाणे दारात कोहळा फोडला, सगळे आत दूध उतू घालायला गेले, आणि मागून एक स्कूटी आली ती त्या गरावरून घसरली. एवढंच. तुला तर माहीत आहे, आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी ह्या शहरात गाडी चालवायची म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो, चौकाचौकात कोहळ्यांचा चिखल. पेपरात दरवर्षी येतं. मी? मी आत होते. सगळे आत होते. बाहेर लाउडस्पीकरवर नादस्वरम लावलेलं, एवढं मोठं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कुणाला काही कळलंच नाही.

ती भिंतीवरची पेन्सिलची रेघ बघतेस ना? रंग दिला की झाकली जाईल म्हणतेस. दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा मी पेंटरजवळ उभं राहून तेवढा कोपरा सोडायला लावला. तीन रेघा आहेत बघ, एक गुडघ्याच्या वर, एक कमरेशी, एक खांद्याशी. सौम्याच्या आहेत. हा गाळा तिचा होता — पूजेच्या आधीच तिनं धरला होता, इमारतीला प्लॅस्टर नव्हतं तेव्हा. पहिली भाडेकरू. नाचाचे कपडे भाड्यानं देणार होती, शाळांच्या गॅदरिंगसाठी, भरतनाट्यमचे पोशाख, खोटे दागिने, कृष्णाचे मुकुट, फुलपाखराचे पंख. म्हणायची, इथं सगळ्या घरांत आई-बाप दोघं कामाला जातात, पंख शिवायला वेळ कुणाला आहे? ह्या भिंतीला जमिनीपासून आरसा लावणार होती, आणि कपड्यांचे दांडे तीन उंचीवर, म्हणजे चार वर्षांच्या पोरीलाही आपला झगा आपल्या हातानं काढून बघता यावा. त्या रेघा दांड्यांच्या. गुडघे टेकून आखल्या तिनं, माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेऊन. तंजावरकडची, आपल्यासारखीच मराठी बोलणारी — म्हणजे आपल्यासारखी कुठली, जुन्या पत्रातल्यासारखी मराठी आणि वर तमिळ हेल. मध्येच तमिळ शब्द टाकायची आणि तो मराठीच आहे म्हणून माझ्याशी भांडायची. पण गोड. मला सख्ख्या बहिणीसारखी होती असं नाही म्हणणार, ओळख पाच महिन्यांची. पण ती आली की मला बरं वाटायचं. घरी मिस्टर बोलत नाहीत फार, दर्शन बंगळूरला. कुणीतरी जिना चढत हाका मारत येतंय याचं सुख वेगळं असतं.

हो. स्कूटीवर तीच होती.

थांब, जाऊ नकोस, पाणी घे. हे असं ऐकल्यावर गाळा कोण घेईल, माहितेय मला. मीच माझ्या पायावर धोंडा मारते. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं, त्या इडलीवाल्याच्या पोटात काही राहत नाही. आणि तिचं इथं काही वाईट नाही गं, ती कुणाला त्रास द्यायची नाही. कोणी काही दिसत नाही इथं. मी एकटी बसते कधी दुपारी, ह्याच खुर्चीवर. काही दिसत नाही.

कुणी फोडला? तो — वॉचमन होता ना वेंकोबा, त्यानं. त्यानंच फोडायचा होता. तसं ठरलं होतं. पण त्याची बायको पाच महिन्यांची गरोदर होती, आणि बायकोला दिवस गेलेले असताना नवऱ्यानं कोहळा फोडायचा नसतो, म्हणून तो हात मागे बांधून उभा राहिला. गवंडी म्हणे मी करतो, तर त्याचे हात सिमेंटचे, भटजींना चालेना. नारायणस्वामी सरांना खांद्याचं दुखणं. मुहूर्त चाललेला. कोहळ्यावर कापूर पेटवून झाला होता, भोक पाडून आत कुंकू आणि नाणी भरलेली, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. मग मी म्हटलं, द्या इकडे. भटजी म्हणाले, अम्मा, बायका फोडत नाहीत. ते काय मला ठाऊक नाही? आमच्या बार्शीलाही कोहळ्याला पहिली सुरी पुरुषच लावतो. पण तुला सांगते, इतकी वर्षं ह्या गावात मी 'हिंदीकारी', म्हणजे हिंदीवाली बाई, म्हणून काढली. मराठी बोलले तरी हिंदीकारी. त्या दिवशी मालक, त्यांची माणसं, सगळे बघत होते, आणि मला वाटलं, दाखवावं एकदा यांना. गवंडी ओरडला, ओरमा, ओरमा — म्हणजे कडेला, बाजूला घ्या. तिकडे कडुनिंबाखाली फोडतात म्हणजे गर मातीत पडतो. मी ऐकलं ते. पण फुटल्यावर जितका उडेल तितकी दृष्ट उतरते म्हणतात ना, मग मी डोक्याच्या वर नेला आणि भर रस्त्यात घातला. असा फुटला की काय सांगू. टाळ्या वाजवल्या लोकांनी. नारायणस्वामी सर हसले.

हे सगळ्यांना माहीत आहे, मी काही लपवलेलं नाही. कोहळा कोणी ना कोणी फोडणारच होतं. पोलिसांनीही तेच लिहिलं, कुणाचा दोष नाही.

मग सगळे लगबगीनं आत गेले, दूध चुलीवर होतं, आणि मी मागे राहिले. का म्हणजे — मी फोडला, मी शेवटी जायचं. दृष्ट टाकली की वळायचं आणि चालू लागायचं, आणि मागे बघायचं नाही. तुमच्याकडेही तसंच असेल. घरात शिरायच्या आधी पाय धुवायचे, तोवर कुणाशी बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बघितलं की टाकलेलं सगळं परत आपल्या पाठीवर बसतं. हसू नकोस. मीही हसत होते पूर्वी. दर्शन दोन वर्षांचा होता, पेरांबूरच्या क्वार्टरमध्ये राहायचो, ताप उतरेना. सासूबाईंनी उतारा काढून दिला, म्हणाल्या तिठ्यावर ठेव आणि सरळ परत ये. मी ठेवला, वळले, चार पावलं आले आणि मागून सायकलची घंटी वाजली. मी वळून बघितलं. दूधवाला होता. त्या रात्री ताप एकशे पाचावर गेला आणि पोराच्या डाव्या कानानं ऐकणं सोडलं. डॉक्टर म्हणाले तापानं होतं, कधीकधी होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मरेपर्यंत बोलल्या नाहीत. फक्त दर्शनला हाक मारायची असली की माझ्याकडे बघायच्या आणि मग त्याच्या उजव्या बाजूला जाऊन हाक मारायच्या. वीस वर्षं. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर म्हणून मी नाही वळले.

कधी म्हणजे? तेव्हाच. दारापर्यंत सात पावलं आणि तीन पायऱ्या. तिसऱ्या पावलाला मागे ब्रेक वाजला आणि मग धातू फरफटत गेल्याचा आवाज, लांबपर्यंत. मला वाटलं पत्र्याचं काहीतरी पडलं. बांधकामाची जागा, रोज काहीतरी पडतंच. चौथं पाऊल टाकलं. मग अक्का म्हणून हाक आली. आता तूच सांग, चेन्नईत अक्का कोण कुणाला म्हणत नाही? भाजीवाला म्हणतो, कंडक्टर म्हणतो, रस्ता विचारणारा म्हणतो. कुणाला तरी कुणीतरी अक्का म्हटलं. पाचवं पाऊल. पाय धुवायची बादली दारातच ठेवलेली दिसत होती, तांब्या पालथा घातलेला, त्यावर एक झेंडूची पाकळी. सगळं आठवतं.

नादस्वरम? हो, लाउडस्पीकर होता म्हणाले मी. होता. इलेक्ट्रिशियन कॅसेट उलटी करत होता. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या अर्ध्या मिनिटात ह्या रस्त्यावर एवढी शांतता होती की मला माझ्या पायातल्या जोडव्याचा आवाज येत होता.

मग दुसरी हाक आली. सरोअक्का.

सरोअक्का मला दुसरं कुणी म्हणत नाही, शर्मिष्ठा. इथले सगळे सरोजिनीअम्मा म्हणतात. वेंकोबा मॅडम म्हणतो. जिना चढताना खालपासून सरोअक्का, सरोअक्का करत यायची ती फक्त एक पोर. आणि ओरडून नव्हती मारली हाक. रडून नाही, घाबरून नाही. नेहमीसारखीच, थोडी दमल्यासारखी. आपण भाजीची पिशवी उचलायला कुणाला बोलावतो ना, तशी. मला कळलं कोण आहे. मला कळलं ती पडली आहे. इथपर्यंत सगळं कळलं — आणि मला दर्शनचा कान दिसला. एवढ्या सगळ्यांची दृष्ट मी आत्ता त्या रस्त्यावर टाकली, आता वळले तर कुणाच्या अंगावर जाईल? पोराचं लग्न ठरत होतं तेव्हा. मी मनात म्हटलं, फक्त पाय धुऊ दे बाई, पाय धुते आणि येते, एक मिनिट थांब. सहावं, सातवं. पायऱ्या चढले, पाय धुतले, दोन्ही पाय, घोट्यापर्यंत. मग कॅसेट सुरू झाली. आणि आतून सरांच्या मिसेसनी हाताला धरून मला ओढलं, या या, दूध वर येतंय, शुभ आहे, सगळ्यांनी बघायचं असतं.

मी गेले. पातेल्याभोवती उभी राहिले. दूध वर यायला किती वेळ लागतो माहीत आहे ना, बघत बसलं की येतच नाही. दहा मिनिटं तरी. मी दर क्षणाला म्हणत होते, आता जाते, आता जाते. पण जाऊन काय सांगणार होते, मला कसं कळलं म्हणून? तेवढ्यात पंधरा जण एकदम म्हणाले, पोंगिडुच्चु, उतू गेलं, आणि वेंकोबा दुधाचा रिकामा कॅन घेऊन बाहेर गेला. तो परत आला तो कॅनशिवायच.

रस्ता सगळा लाल होता. कोहळ्यातलं कुंकू गं, पाव किलो कुंकू घातलेलं. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही काही वाटलं नाही. दोन सायकलवाले बाजूनं निघून गेले म्हणे, त्यांना वाटलं पूजेची बाई पाया पडते आहे रस्त्यावर. हेल्मेट नव्हतं तिला, केसांत मोगऱ्याचा गजरा होता, तो चुरगळेल म्हणून घातलं नसेल. स्कूटीच्या पुढच्या जाळीत डबा होता. सुरळीच्या वड्या. मला आवडतात असं मी कधीतरी बोलले होते, आणि तिनं त्या कुणाकडून तरी शिकून घेतल्या, तंजावरच्या पोरीला काय माहीत सुरळीच्या वड्या. डबा फुटला नव्हता. दोन दिवस हॉस्पिटलात होती. डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं आधी आणली असती तर.

त्यांनी सहज म्हटलं ते. त्यांना कुठं माहीत होतं.

तेराव्यानंतर तिची आई आली इथं. सईबाई, नऊवारी नेसलेली, इथं अशी नऊवारी मी पहिल्यांदाच बघितली. हा गाळा बघायचा होता तिला. मी शटर उघडून दिलं. ती त्या रेघांपुढे बसली, तुझ्या खुर्चीपाशीच, खाली जमिनीवर, आणि सगळ्यात खालच्या रेघेवर हात ठेवून मला म्हणाली, ती काही बोलली का? शेवटी, काही म्हणाली का? मी म्हटलं, नाही हो. कुणाला काही ऐकूच आलं नाही, नादस्वरम चालू होतं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, म्हणजे लगेच शुद्ध गेली असेल, पोरीला कळलं नसेल, देवानं तेवढं तरी केलं. आणि माझा हात धरून, माझेच आभार मानून गेली. दर पोंगलला फोन करते ती मला. दर पोंगलला विचारते, बऱ्या आहात ना? आता मी तिला काय सांगू? की तिनं दोनदा हाक मारली, आणि तिला ठाऊक होतं की मी ऐकतेय, माझी पाठ तिला दिसत होती?

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मिस्टरांनाही नाही. तमिळमध्ये सांगताच येत नाही मला, जीभ अडते, आणि मराठीत सांगायला इथं होती कोण. तू आलीस, नमस्कार काकू म्हणालीस, आणि बघ काय झालं.

हा पट्टा कॉम्प्युटरचा नाही. मी वळते ना, म्हणून. भाजीवाला अक्का म्हणाला की वळते, बसमध्ये कुणी म्हटलं की वळते. वेळाचेरीपासून इथपर्यंत यायचं म्हणजे वीस-पंचवीस वेळा तरी. रस्त्यावरची पोरं मुद्दाम हाक मारतात आता, गंमत झाली आहे त्यांना. डॉक्टर म्हणाले, मान वळवायची नाही, मणक्यात अंतर पडलंय. पट्टा घातला तर मी कमरेपासून सगळी वळते. जित्याची खोड. पण दर वेळी दुसरंच कुणीतरी असतं, आणि दुसऱ्याच कुणाला तरी बोलावत असतं. इथं दुपारी एकटी बसते ना, तेव्हा काही दिसत नाही म्हणाले मी तुला, ते खरं आहे. दिसत नाही. येते ती हाकच येते, आणि ती पाठीमागूनच येते, म्हणून भिंतीला पाठ लावून बसले आहे बघ.

उठलीस. हो, उशीर झाला असेल. नाही, सहीचं राहू दे, घरी विचार, सासूबाईंना विचार — नाही, तू घेणार नाहीस, मला कळतं गं, इतकी वर्षं गिऱ्हाइकं बघतेय. घेऊही नकोस. नारायणस्वामी सर दुसरं कुणी बघतील, कलम खोडतील, पेंटर बोलावतील. मी तेव्हा इथं नसेन, म्हणजे तो कोपरा कुणी सोडणार नाही. भाजणीचं दुकान तू मेन रोडला काढ, तिकडे चालेल. जिन्यावरून जपून, शेवटची पायरी उंच आहे.

शर्मिष्ठा, एक ऐक. खाली गेलीस की रस्ता ओलांडून तुझी गाडी आहे ना, तिथपर्यंत जा. मी इथून, शटरमधून, तुला एकदा हाक मारीन. तू फक्त वळून बघ. बोलायचं काही नाही, हातही करायचा नाही. मला बघायचंय किती वेळ लागतो. एवढं करशील? — बरं. जा.

पायऱ्या उतरली. गेट. गाडीशी पोचली. किल्ली काढते आहे.

शर्मिष्ठा.

शर्मिष्ठा, अगं —

हेल्मेट घातलंय तिनं. ऐकू गेलं नसेल.